डावा तीनने कमी

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? हा किस्सा सांगायला बसलो की आधी माझेच कान गरम होतात. पण तुम्ही चहा पाजलाय, वर भजीही मागवलीत, तेव्हा सांगणं भाग आहे. मी एक शब्द चुकीच्या ठिकाणी वापरला, आणि त्या एका शब्दापायी एका भल्या माणसाची तीन गुंठे जमीन जाता जाता राहिली. तीही माझ्या चुलतसासऱ्याची. हसू नका, अजून सुरुवात व्हायचीय.

मी नौबादला राहतो, बिदरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आणि मला एक नाद आहे. तसा नाद कुणाला नसतो? कुणी पत्ते खेळतं, कुणी राजकारणावर बोलतं. मी स्पीकर बनवतो. प्लायवूड आणायचं, कापायचं, डबा करायचा, त्यात जुन्या बाजारातून आणलेले स्पीकर बसवायचे, मागं तारा जोडायच्या आणि मग समोर बसून डोळे मिटून ऐकायचं. आमच्या घरी सोफा नाही, कारण सोफ्याच्या जागी स्पीकर आहेत. माझी बायको सुनंदा आलेल्या बायकांना त्याच्यावरच बसवते.

पण ह्या नादात एक मोठी अडचण असते. आपण केलेला डबा चांगला वाजतो की नाही, हे ठरवायचं कसं? माझ्या कानाला माझे सगळे डबे उत्तम वाटायचे. सुनंदाच्या कानाला ते सगळे एकसारखे वाटायचे, म्हणजे मोठे. खरं कळायला मोजून बघावं लागतं. जाड आवाज किती येतो, बारीक किती येतो, मध्येच कुठं खड्डा पडतो का. पूर्वी हे काम फक्त कारखानेवाल्यांना परवडायचं. त्याला माईक वेगळा, यंत्रं वेगळी, आणि ती ठेवायला खोली वेगळी. माझ्यासारख्यानं नुसतं ऐकायचं आणि मान हलवायची.

आणि मग साधारण दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराला एक चमत्कार झाला. बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला माझा मावसभाऊ सुट्टीत आला, तो एक डबी घेऊन. साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी. "दादा, ह्याच्यात सगळं आहे," म्हणाला. "माईक सोबत आहे, लॅपटॉपला जोडायचं, स्पीकरला जोडायचं, बटन दाबायचं. स्पीकरची कुंडली पडद्यावर." किंमतही मास्तरला झेपेल एवढी. त्या रात्री मी जेवताना डबी ताटाशेजारी ठेवली होती, ह्यावरून काय ते समजा.

दुसऱ्याच दिवशी घरात मोजायला बसलो, तर पडद्यावरची रेघ म्हणजे करवतीचे दात. भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, खोलीत आवाज भिंतीवर आपटतो, म्हणून तसं येतं. मोकळ्या रानात जा. आसपास काही नको आणि शांतता पाहिजे."

मोकळं रान आणि शांतता. नौबादच्या मैदानावर एका अंगाला क्रिकेट आणि दुसऱ्या अंगाला कुणाचा तरी मांडव. मग मला सासरवाडी आठवली.

माझी सासरवाडी हुमनाबादकडं, निर्ण्याला. सासरे माणिकअप्पा. त्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, मग शेती आली. मेंढरं गेली तरी मामांच्या खांद्यावरचं घोंगडं गेलं नाही. स्वभावानं कडक. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात, पण तोंड असं करतात की 'बापू' मोफत दिल्यासारखं वाटतं. जावई काय करतात असं गावात कुणी विचारलं तर ते सांगायचे, "साळंत शिकिवत्यात आन घरी डबे करत्यात." अर्ध्या निर्ण्याला वाटायचं, माझा पत्र्याच्या डब्यांचा धंदा आहे. मला फार वाटायचं हो, की एकदा तरी ह्या माणसानं माझ्या कामाकडं मान वर करून बघावं.

तर मी फोन लावला. आता माझा फोनवरचा शब्द न् शब्द नीट ऐका.

"मामा, मी रविवारी मोजणीला येतो."

पलीकडं मामांनी कुणाला तरी गप्प केलं. मग मामा हळू आवाजात म्हणाले, "मोजणीला? तुमी?"

"हो. बंगलोरहून मशीन आलंय. तुमचं रान मोकळं हाय न्हवं?"

"तूर काढलीया. मोकळंच हाय. पर बापू, कागदं काय काय काढून ठिवू?"

"कागद कशाला? आता सगळं कॉम्प्युटरमध्ये दिसतं."

"व्हय, व्हय. आता समदं कॉम्प्युटरातच हाय मनत्यात." मामांचा आवाज मऊ झाला. "आन बापू, त्यो बी आला तर चालंल न्हवं? समोरासमोर झालेलं बरं."

'तो' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मला वाटलं गावातला कुणी हौशी माणूस असेल. मी म्हणालो, "कुणी बी येऊ द्या मामा. फक्त शांतता पाहिजे. आरडाओरडा झाला की मोजणी बिघडते."

"शांतता कठीण हाय," मामा म्हणाले. "पर मी बंदोबस्त करतो."

तुम्ही इकडचे आहात, तुमच्या लक्षात आलं असेलच. आमच्या भागात मोजणी हा शब्द एकाच कामासाठी असतो. कन्नड बोलणारा असो की मराठी, मोजणी म्हटलं की जमिनीची. दूध मापतात, कापड मोजतात, पण 'मोजणी' येते ती बांधावर. विज्ञानाच्या पुस्तकातनं डोकं वर काढलं असतं तर मलाही हे आठवलं असतं. मी आपला खुशीत शीळ घालत तारा गुंडाळायला लागलो. सुनंदा तेव्हा घरात असती तरी घोटाळा टळला असता. ती माझं बोलणं ऐकत नाही म्हणून नेहमी तक्रार करतो मी, पण त्या दिवशी ती दळण आणायला गेली होती. आणि रविवारी ती आलीही नाही, पोरांच्या परीक्षा होत्या.

रविवारी सकाळी दोन डबे पोत्यात बांधून, एसटीच्या टपावर टाकून निर्ण्याला पोचलो. स्टँडवर मामा स्वतः बैलगाडी घेऊन हजर. पांढरं धोतर, नवा पटका. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातातली पिशवी त्यांनी स्वतः घेतली. म्हणाले, "सायब, परवास बरा झाला न्हवं?"

सायब! मी जवळजवळ रडलोच. बारा वर्षांच्या संसारात मी कधी सायब झालो नव्हतो.

शेतात पोचलो तर बांधावरच्या चिंचेखाली चाळीसेक माणसं. मधोमध बाजेवर रसूलचाचा बसलेले. हे गावातले जुने पंच, सगळ्यांचा ह्यांच्यावर विश्वास. एका बाजूला मामांची माणसं. दुसऱ्या बाजूला, जरा लांब, मामांचे धाकटे भाऊ काशिअण्णा, एकटेच उकिडवे बसलेले. दोघा भावांचा अकरा वर्षं अबोला आहे हे मला माहीत होतं, पण मला वाटत होतं लग्नातल्या आहेरावरून काहीतरी झालं असेल. इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं. जावयानं असल्या गोष्टीत नाक खुपसू नये असं मला वाटायचं. बरं, आज दोघंही एका जागी आलेत, ते माझ्या स्पीकरसाठी. कलेची ताकद, दुसरं काय?

मी पिशवी उघडली. माईकचं तीन पायांचं स्टँड काढून उभं केलं, तशी गर्दीत कुजबुज झाली. रसूलचाचा उठून जवळ आले, स्टँडभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "येइच है. हुमनाबाद के रोड पे देखा मैं. तीन टांग की मशीन. रोडवाले इसीच से नापते थे."

मी म्हणालो, "त्याच्याहून भारी आहे चाचा. ह्यात सगळं एकाच डबीत आहे."

मामांनी नारळ फोडला. सासूबाईंनी डबीला हळदकुंकू लावलं. माईकला लावू नका म्हणून मी हात जोडले. मग चाचांनी दोघा भावांना समोर बोलावलं. "मशीन बोलेगी सो दोनों मानेंगे? बाद में गडबड नक्को."

"मानतो," मामा म्हणाले.

काशिअण्णा पुढं सरकले. मग म्हणाले, "मानतो. आता किती दिस असं ऱ्हायचं?"

मग चाचा माझ्याकडं वळले. "मास्टर, दोनों बाजू बराबर देखना. तुम दामाद हो, फिर बी."

आता स्टीरिओला दोन बाजू असतातच. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "चाचा, मला दोन्ही बाजू सारख्या. एकीला झुकतं माप दिलं तर ऐकण्यात मजाच नाही."

"शाबास," चाचा म्हणाले. काशिअण्णांच्या तोंडावरही जरा रंग आला.

नांगरलेल्या रानात सपाट जागा एकच होती, ती बांधाजवळची. मी एक डबा बांधाच्या ह्या अंगाला पालथ्या टोपलीवर ठेवला, दुसरा त्या अंगाला. माईक मध्ये. म्हणजे डावा डबा मामांच्या रानात आणि उजवा काशिअण्णांच्या. मला कुठं काय माहीत? मामांच्या बोअरच्या पेटीतून लाईट घेतली. लाईट एकपर्यंतच असते, म्हणून मी घाईत होतो.

"आता कुणी बोलायचं नाही," मी सांगितलं. "खोकायचं पण नाही. शेळी कुणाची आहे? तिच्या गळ्यातली घंटी धरा."

एकानं शेळीची घंटी मुठीत धरली. चाळीस माणसं श्वास रोखून उभी. मी बटन दाबलं.

ज्यांनी हा आवाज ऐकलेला नाही त्यांना सांगतो. मोजताना मशीन स्पीकरमधून एकच सूर सोडतं. तो जमिनीतून घुमल्यासारखा सुरू होतो आणि चढत चढत शिट्टीच्या पार जातो. दोन कुत्री पळाली ती वेशीकडं. एका म्हातारीनं हात जोडले. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "ह्येनं कसं कळतं?" आणि मी, शिक्षक ना मी, समजावून सांगितलं. "आवाज सुटतो, जातो, जिथं अडतो तिथून परत येतो. किती गेला, किती आला, मशीनला सगळं समजतं." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या वर्गात असं कधी होत नाही.

आधी डावा मोजला, मग उजवा. दोन्हीच्या रेघा एकावर एक ठेवल्या. आकार अगदी जुळा. फक्त डाव्याची रेघ उजव्याच्या खाली, सरळ एकसारखी. मी ओरडलो, "डावा तीनने कमी आहे."

मामा पुढं धावले. "कितीनं?"

"तीन. बरोबर तीन."

"ऐकलाव का समद्यांनी?" मामा गर्दीकडं वळले. पटका सुटला तरी त्यांना भान नाही. "अकरा वरीस काय सांगायलो मी? तीन. बंगलोरचं मशीन बी तीनच सांगायलंय."

मला इतका आनंद झाला. मला वाटलं, मामांनी नुसत्या कानानं ओळखलं होतं. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांच्या घरी स्पीकर लावलेही नव्हते, हे डोक्यात आलं, पण मी ते हाकलून लावलं. कौतुक चालू असताना कोण हिशेब घालतो? उलट वर मीच बोललो, "काळजी नको मामा. उजव्याचं तीन काढून घेतलं की दोन्ही सारखे. हे करायलाच पाहिजे, नाहीतर दोघांचं कधी जुळणार नाही."

काशिअण्णा पुढं आले. हातातला टॉवेल पिळत होते. "सायब, एकदा परत बगता का? मशीनची बी चूक व्हत आसंल."

"काका, मशीन खोटं बोलत नाही," मी म्हणालो. हे वाक्य आजही आठवलं की मी कूस बदलतो. तरी त्यांच्या समाधानासाठी परत बटन दाबलं. परत तीन.

काशिअण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मामांकडं न बघता म्हणाले, "घी दादा. शबूद दिलाय मी." आणि स्वतःच जाऊन पहार घेऊन आले. चिंचेच्या पलीकडं, त्यांच्या रानात, खणायला लागले.

आता मला वाटलं, हे डब्याला बूड द्यायला खड्डा करायलेत. केवढी आस्था. मी पळत गेलो. "काका, कामून तरास घ्यायलाव? हे तीनचं काही एवढं नाही. मी घरी जाऊन एक छोटा पार्ट बदलतो, तीनचं शून्य करतो."

पहार थांबली. रसूलचाचांनी चष्मा वर केला. "घर जाके बदलते?"

"हो चाचा. दहा मिनिटांचं काम."

"तीन का सिफर करते? दस मिनट में?"

"म्हणाल तर उजव्याला कमी करतो, म्हणाल तर डाव्याला जास्त. माझ्या हातात आहे."

गर्दीत भलतीच गडबड सुरू झाली. तेवढ्यात मामांनी माझा दंड धरून मला बोअरच्या पेटीमागं ओढलं. कानाशी तोंड आणून म्हणाले, "गप बसा की बापू. काय बदलायचं ते घरी बदला. हितं कामून बोलायलाव?"

तिथं मला पहिल्यांदा शंका आली. मामांना स्पीकरच्या पार्टबद्दल कुजबुजायची काय गरज? मी तिथूनच सुनंदाला फोन लावला.

"अगं, अप्पांचा आणि काकांचा वाद कशावरून आहे?"

"बांधावरून. कामून?"

"आहेरावरून नाही?"

"आहेर कुठला? काकानं बांध कोरून तीन गुंठं घेतलं मनत्यात अप्पा. काका मनतो, न्हाई घेतलं. दर वर्साला मोजणी आणायचं मनत्यात, आन ती व्हत न्हाई. तुमी तिथं काय करायलाव?"

मी फोन बंद केला. काय करायलोय हे सांगण्यासारखं नव्हतं.

पेटीमागून वाकून बघितलं. काशिअण्णा खणत होते. पाठ घामानं भिजली होती. त्यांच्या शेजारी एक दगड आडवा पडलेला, तो सकाळीच आणून ठेवला होता, हे आता माझ्या लक्षात आलं. हद्दीचा दगड. त्या माणसानं माझ्या डबीवर, माझ्या शब्दावर आणि माझ्या छातीवरच्या हातावर भरवसा ठेवून आपली जमीन सोडली होती. आणि ते तीन गुंठे नव्हतेच. ते आवाजाचं माप होतं, डेसिबल म्हणतात ते. एका डब्याचा आवाज दुसऱ्यापेक्षा जरासा हळू, एवढंच. मला लाज वाटली. तोंडदेखली नाही, खरीखुरी लाज.

आणि खोटं कशाला सांगू, भीतीही वाटली. मामांनी मला सायब म्हटलं होतं. चाळीस माणसांसमोर त्यांचा पटका सुटेपर्यंत ते नाचले होते. आता मी तोंड उघडलं की त्या पटक्याची काय किंमत राहणार? गप्प बसलो असतो तर? एसटी पकडून नौबाद गाठलं असतं तर? हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. पण तेवढ्यात काशिअण्णांनी दगडाला हात घातला.

"थांबा काका," मी ओरडलो. "हे जमिनीचं मशीन न्हाई."

चाचांनी विचारलं, "फिर किसका है?"

"डब्यांचं. त्या दोन डब्यांचं. डाव्या डब्याचा आवाज तीननं कमी आहे. जमिनीचं ह्याला काही कळत नाही. मलाही कळत नाही. मी डबे मोजायला आलो होतो."

मघाशी शांत बसा म्हणून केवढी विनवणी करावी लागली होती. आता न सांगता सगळे शांत झाले. शेळीची घंटी वाजली, कारण धरणाऱ्याची मूठ सैल पडली होती.

मामा माझ्यापुढं आले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी मी लोकास्नी सांगत व्हतो, जावई डबे करत्यात, ते बराबरच सांगत व्हतो."

"हो मामा."

"आन तुमी डबे मोजायला बैलगाडीतून आलाव. माज्या बैलगाडीतून."

"हो मामा."

एक माणूस हसला. मग दहा हसले. मग सगळं रान हसायला लागलं. मामा मात्र हसले नाहीत. खाली बसून पटका बांधायला लागले. मला वाटलं, संपलं. आता ह्या घरात मला पाणीसुद्धा मिळणार नाही.

मग मामा उठले, काशिअण्णांजवळ गेले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. "ठिव ती पहार."

"ठिवत न्हाई," काशिअण्णा म्हणाले. "दिलं मनलो, तर दिलं."

"डब्याच्या आवाजावर मी जमीन घिऊ व्हय? गाव काय मनंल मला?"

"आन पंचासमोर दिलेलं मी माघारी घिऊ? मला काय मनंल गाव?"

"काश्या, मी घेत न्हाई."

"घ्यावं लागंल."

"न्हाई घेत. काय करतूस?"

"तुज्या दारात दगुड आणून टाकतो."

मी आयुष्यात असलं भांडण पाहिलं नव्हतं. दोघं एकमेकांच्या अंगावर जमीन ढकलत होते. शेवटी रसूलचाचांचा तोल गेला. बाजेवर काठी आपटून म्हणाले, "ग्यारा साल मेरा मेरा बोले. अब तेरा तेरा बोलते. दोनों चुप बैठो. बांध जहाँ है वहाँच रहेगा. चिंच दोनों मिलके झाडो. चाय लाओ."

झालं. ह्यावर पंचायत उठली. दोघं भाऊ त्या दिवसापासून गुण्यागोविंदानं राहायला लागले असं मी सांगणार नाही. अबोला सुटला आणि भांडण सुरू झालं. पण समोरासमोर, एका बाजेवर बसून, एकाच किटलीतला चहा पीत. सासूबाई म्हणाल्या, हेच पुष्कळ झालं.

मी खाली मान घालून तारा गुंडाळत होतो. मामा चहाची बशी घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणी खायची.

"बापू, जमिनीचं जाऊ द्या," ते म्हणाले. "पर एक सांगा. तुमच्या डाव्या डब्याला तीन कामून कमी आलं? दोनी तुमीच केलाव न्हवं?"

त्यांनी विचारलं. माझ्या कामाबद्दल, स्वतःहून, पहिल्यांदा विचारलं. मी तारा खाली टाकल्या आणि सुरू झालो. म्हणालो, मामा, त्याची बरीच कारणं असतात. आतल्या तारेचं वेटोळं सैल असेल. चुंबक जुना झाला असेल. प्लायवूडनं दमट हवा खाल्ली असेल. कागदाचा पडदा वाळला असेल. माझ्या अंदाजानं हा चुंबकाचाच दोष आहे, डावा स्पीकर आता काढून टाकावा लागणार. मामा हूं हूं करत ऐकत होते. चारपाच माणसं परत जमली. मला परत रंग चढला.

मी चुंबकावर बोलत होतो तेवढ्यात काशिअण्णा माझ्या मागून उठले. माईकच्या स्टँडपासून उजव्या डब्यापर्यंत पावलाला पाऊल लावत चालत गेले. परत स्टँडजवळ आले आणि तसेच डाव्या डब्यापर्यंत गेले. मग हिशेब पक्का करायला दोन्ही फेऱ्या परत मारल्या.

"सायब," ते म्हणाले, "उजवा पाच पावलं हाय. डावा सात."

मी स्टँडकडं बघितलं. मोजायच्या आधी लॅपटॉपच्या पडद्यावर ऊन यायला लागलं, म्हणून लॅपटॉपबरोबर मीच ते स्टँडही उचलून चिंचेच्या सावलीकडं, म्हणजे उजवीकडं, सरकवलं होतं. लांबचा डबा हळू ऐकू येणार आणि जवळचा मोठ्यानं, हे मी आठवीच्या पोरांना शिकवतो. पाच आणि सात पावलांनी आवाजात किती फरक पडतो, ते मी मनात मांडून बघितलं. आलं तीन डेसिबल.

"म्हंजी चुंबक चांगला हाय?" मामांनी विचारलं.

"चांगला आहे मामा."

"आन प्लायवूड?"

"तेही चांगलं आहे."

काशिअण्णा बांधावर टेकले आणि टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "डब्यांत काय खोट न्हाई, दादा. सायबांची जमीन तेवढी मोजायची ऱ्हायली."

अकरा वर्षांनी दोघे भाऊ पहिल्यांदा एका वेळी हसले, आणि मी खिशातला मोजायचा टेप खिशातच ठेवून, त्यांचं हसणं संपायची वाट बघत उभा राहिलो. चाळीस माणसं जमली होती त्या शेतात मोजणीला. जमीन मोजून घ्यायची खरी गरज होती ती एकट्या मला.